दांडेली की भीमेश्वरी? गळ, जंगलवाट आणि जनावरं यांतलं आधी काय ते ठरवा

नदीकाठी दोन-तीन दिवस मुक्काम, सकाळी जंगलातून चालणं, दुपारी पाण्यात गळ टाकून बसणं आणि संध्याकाळी काठावर येणारी जनावरं बघणं. असा बेत आखणाऱ्या मराठी मंडळींपुढे दोन नावं हमखास येतात: काळी नदीवरचं दांडेली आणि कावेरीवरचं भीमेश्वरी. दोन्ही कर्नाटकात, दोन्हीकडे सरकारी जंगल लॉजेसचे कॅम्प, आणि फोटोंत दोन्हीकडे हिरवं पाणी नि खडक. त्यामुळे फरक कळत नाही. प्रत्यक्षात या दोन जागांचा स्वभाव पार वेगळा आहे.

आधी गळाचा विषय संपवू, कारण सगळ्यात जास्त हिरमोड तिथेच होतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात हौस म्हणूनसुद्धा मासा धरता येत नाही, धरून परत सोडला तरी नाही. दांडेलीचं जंगल व्याघ्र प्रकल्पात येतं, भीमेश्वरी कावेरी अभयारण्यात. म्हणजे गळ हाच तुमच्या सहलीचा गाभा असेल, तर दोन्ही नावांवर काट मारा.

भीमेश्वरीच्या बाबतीत हे पचायला जड जातं. ही जागा जगभर माहीत झाली तीच मुळी महाशीर या मोठ्या नदीमाशामुळे. भीमेश्वरी, दोड्डमक्कळी आणि गलिबोरे या कॅम्पांवर देशोदेशीचे गळकरी येत, नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला लावून तासन्‌तास बसत, मासा लागला की वजन करून पाण्यात सोडत. काठच्या गावांतली, मासे धरण्यात मुरलेली माणसं त्यांचे गाइड झाली होती. २०१० नंतरच्या काही वर्षांत कायद्याचा अर्थ कडक लावला गेला आणि हे थांबलं. काठावर परवान्याचे गळकरी असले की सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर आपोआप नजर राहते, असं गळकऱ्यांचं आणि काही मत्स्यशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. मला ते पटतं, पण कायदा आज आहे तो असा आहे. त्यामुळे जुने लेख वाचून रॉड बांधून निघू नका.

यात महाराष्ट्राचाही एक धागा आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही. कावेरीचा मूळचा महाशीर पाठीवर कुबड असलेला, अवाढव्य वाढणारा. लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या केंद्रात निळसर परांच्या दख्खनी महाशीरची पैदास झाली आणि त्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण पाहुणा नदीत पसरला आणि घरचा मासा मागे पडत गेला. २०१८ साली कुबडवाल्या महाशीरची शास्त्रीय ओळख नक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. आपल्या गावच्या तळ्यात कुठूनही आणलेले मासे सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गळाशिवाय चैन पडत नसेल, तर अभयारण्याबाहेरच्या पाण्याकडे वळा. कोडगूत, म्हणजे कूर्गात, कावेरीच्या वालनूर टप्प्यासाठी कूर्ग वाइल्डलाइफ सोसायटी वर्षानुवर्षं परवाने देत आली आहे. चालू हंगामाची स्थिती त्यांनाच विचारून घ्या. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जलाशयांत मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, तेव्हा काठावर बसण्याआधी संस्थेच्या माणसाला गाठणं हा रिवाजही आहे आणि शहाणपणही. दांडेलीतली काही रिसॉर्टं ‘फिशिंग’ची जाहिरात करतात. पाण्याचा तो टप्पा राखीव हद्दीत येतो का, हे आरक्षणाआधी सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आलं की समजायचं काय ते.

आता जंगल. दांडेली घाटातलं, ओलं, दाट. अणशी राष्ट्रीय उद्यान आणि दांडेली अभयारण्य मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. वाघ आहेत, काळा बिबट्याही आहे, पण तो बघायला म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. झाडी इतकी की दहा हातांवरचा गवा दिसत नाही. जीपमधून दोन तास फिरून चितळ, गवे आणि एखादं शेकरू दिसलं की सफारी चांगली झाली असं मानायचं.

दांडेलीची खरी श्रीमंती डोक्यावर आहे. महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि साधा राखी धनेश, धनेश पक्ष्याच्या या चारही जाती एका परिसरात. धनेशासाठी इथे २०११ मध्ये स्वतंत्र संवर्धन राखीव क्षेत्रच जाहीर झालं. गावातल्या लाकडाच्या सरकारी डेपोत उभं राहूनसुद्धा कवड्या धनेशांचे थवे दिसतात, त्यासाठी जीप लागत नाही. जानेवारी-फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला फळं भरवत राहतो. या दिवसांत ढोलीखाली गर्दी करणारे फोटोवाले भेटले तर त्यांच्यात सामील होऊ नका. माणसं हलत नाहीत तोवर नर ढोलीकडे येत नाही. दांडेलीजवळच्या गणेशगुडीतला ओल्ड मॅगझिन हाउस हा मुक्काम तर पक्षीवेड्यांसाठीच आहे. तिथे पाण्याच्या कुंड्यांसमोर गप्प बसलं की पक्षी आपण होऊन येतात. माझ्या मते दांडेलीच्या सगळ्या गाजावाजात पैसे वसूल करणारी जागा हीच.

चालण्याच्या बाबतीतही दांडेलीला पर्याय जास्त. सिंथेरीला पायऱ्या उतरून गेलं की कानेरी नदीने कापलेला सुमारे ३०० फुटांचा सरळसोट कडा समोर येतो. कड्याला मधमाश्यांची पोळी असतात, तिथे आरडाओरडा आणि अत्तर दोन्ही नको. कवळ्याच्या गुहा, शिरोलीचं टोक, साइक्स पॉइंट यांसाठी वनखात्याची परवानगी आणि सोबत माणूस लागतो. नियम हंगामागणिक बदलतात म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशीच विचारून ठेवा. पावसाळ्यात जळवा इतक्या की चालण्यापेक्षा मोजे झटकण्यातच वेळ जातो. ऑक्टोबर उलटल्यावर जावं.

भीमेश्वरीचं जंगल कोरडं, काटेरी, मोकळं. वाटा दगडाळ आणि मार्चनंतर भाजून काढणाऱ्या. पण काठावर अर्जुन, जांभूळ, चिंचेची जुनी झाडं सावली धरून उभी आहेत आणि नजर लांबवर पोचते. म्हणून जनावरं दिसण्याची शक्यता इथे मला जास्त वाटते, विशेषतः पाण्यावरची. हिवाळ्यात पाणी उतरलं की खडकांवर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, पाणमांजरांची कुटुंबं माशांमागे धावतात, मत्स्यगरुड एकाच फांदीवर तासभर बसलेला सापडतो. उन्हाळ्यात हत्ती नदीवर येतात. करडी महाखार ही इथली खासियत; आपल्या शेकरूपेक्षा लहान, रंगाने फिकी आणि काठची उंच झाडं सोडून फारशी कुठे न जाणारी.

हत्तींमुळेच इथे एकट्याने भटकायला मनाई आहे. सकाळी कॅम्पच्या माणसाबरोबर फेरी, मग गोल टोपलीनाव म्हणजे कोराकल, असा दिवसाचा क्रम. झिपलाइन आणि कयाक भीमेश्वरीला आहेत. म्हणूनच बंगळूरच्या ऑफिसांचे गट शनिवार-रविवारी तिथे उतरतात. शांतता हवी असेल तर गलिबोरे बघा, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी.

पाण्याबद्दल दोन्हीकडे एकच सांगणं: उतरू नका. दांडेली शहरालगतच्या काळीत मगरींनी माणसांवर हल्ले केले आहेत. शिवाय वर सुपा धरण आहे. वीज काढायला पाणी सोडलं की पात्र दिवसभरात चढतं-उतरतं. गणेशगुडीचं राफ्टिंगही त्या सोडलेल्या पाण्यावरच चालतं, त्यामुळे ‘आज राफ्टिंग नाही’ हे ऐकायची तयारी ठेवून जा. कावेरीचे भोवरे वरून दिसत नाहीत.

प्रवासाचा हिशेब सोपा आहे. कोल्हापूर-बेळगावकडच्यांना दांडेली जवळ. बेळगावहून दोन-अडीच तास, पुण्याहून एक लांबलचक दिवस. दांडेलीच्या आसपासच्या हल्याळ-जोयडा भागात मराठी आणि कोकणी सर्रास चालते, त्यामुळे आजी-आजोबांना घेऊन जायलाही अवघड नाही. भीमेश्वरी बंगळूरपासून साधारण १०० किलोमीटर. बंगळूरला नातेवाईक असतील किंवा म्हैसूरची सहल जोडायची असेल तरच त्या बाजूला वळावं. निव्वळ त्यासाठी मुंबईहून जाणं मला अवाजवी वाटतं.

आणि हाताशी एकच दिवस असेल तर? मग दोन्ही सोडा आणि नाशिकजवळचं नांदूर मध्यमेश्वर गाठा. गोदावरी-कादवा संगमावरच्या जुन्या बंधाऱ्याने तयार झालेली ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. डोंगरवाट नाही, गळ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं आणि त्यांच्यावर घिरट्या घालणारे दलदली भोवत्या हे शिकारी पक्षी. चापडगावच्या मनोऱ्यावर उजाडायच्या आत पोचायला हवं, कारण नऊनंतर ऊन डोळ्यांवर येतं आणि सहलीच्या बस लागतात. दुर्बीण गावातल्या गाइडकडे मिळते.