सात महिने ऑफ-सीझन प्रॉस्पेक्ट लीग चालवून झाली, आता लिहितो

जूनमध्ये कोथरूडला धो धो पाऊस, लाइट सारखी ये-जा करतेय, तेव्हा बेसबॉलच्या मॅनेजर गेममध्ये स्वतःची फॉल लीग बनवायला घेतली. म्हणलं एका रात्रीत होईल. लीग झाली खरंच एका रात्रीत, पण ती नीट चालायला दिवाळी उजाडली.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, अमेरिकेत १९९२पासून ॲरिझोना फॉल लीग आहे, फिनिक्सच्या आसपास सहा टीम, मेजर लीगचे ३० क्लब आपापली उगवती पोरं पाठवतात, पाच क्लबची पोरं मिळून एक टीम. बाबांना सांगितलं की आपल्या बुची बाबू क्रिकेट स्पर्धेसारखं समजा, फक्त मुंबई, महाराष्ट्र, बडोदा सगळे एकाच ड्रेसिंग रूममध्ये. ते म्हणाले मग भांडणं किती होतील!

माझी पहिली माती तारखांमध्ये झाली. लीग मी सप्टेंबरच्या मध्यात चालू केली, तेव्हा मायनर लीगचे (मेजरच्या खालच्या लीगचे) प्लेऑफ चालू, निम्मी पोरं तिकडेच अडकलेली आणि एका टीमला कॅचरच नाही, शॉर्टस्टॉप मागे बसून बॉल अडवतोय. आता ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ठेवलीय, टीमला साधारण ३० मॅच, बास. नंतर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टआधी (त्यात दुसरे क्लब रोस्टरबाहेरची आपली पोरं उचलू शकतात) कोणाला रोस्टरमध्ये, म्हणजे मुख्य यादीत घेऊन वाचवायचं ते बघायला वेळही मिळतो.

दुसरी जास्त महागात पडली. माझा सगळ्यात भारी पोरगा, पिचर, सीझनमध्ये आधीच १५० इनिंग टाकून आलेला, त्याला पण पाठवला कारण हौस. तिसऱ्याच मॅचला कोपराचं लिगामेंट गेलं, टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे वर्षभर तरी खल्लास. खरे क्लब असे थकलेले हात पाठवत नाहीत, दुखापतीमुळे ज्यांच्या इनिंग बुडाल्यात त्यांना पाठवतात, तेही मोजून टाकायला लावतात. आता मी पण तेच करतो. यात गंमत अशी की चांगले पिचर घरी बसले की बॅटरांची चंगळ, सगळ्यांचे ॲव्हरेज फुगतात आणि आपल्याला वाटतं अरे हा तर हिराच!

म्हणून या लीगच्या आकड्यांवर ट्रेड करू नका राव. मी एक थर्ड बेसमन .२१० ॲव्हरेजनं (शंभर वेळा बॅटिंगला आला तर २१ हिट) मारला म्हणून वैतागून देऊन टाकला, पुढच्या सीझनला तो दुसऱ्याकडे ऑल-स्टार. मेजर लीगचा स्टार माइक ट्राउटनं २०११च्या फॉल लीगमध्ये .२४५ मारलं होतं, आणि २०१२ला .३२६, ३० होमरन, ४९ स्टील (पळत चोरलेले बेस) आणि रुकी ऑफ द इयर. बास्केटबॉलवाला मायकल जॉर्डन १९९४ला तिथेच .२५२ मारून गेला, म्हणजे ट्राउटपेक्षा जास्त! मी हे ट्रेडनंतर वाचलं, अर्थातच.

मग उपयोग काय? मला तरी दोन कामांना आवडली. नवीन पोझिशन शिकवायला, म्हणजे सेकंड बेसवाल्याला आउटफिल्डमध्ये टाकून बघायला मस्त, आणि दुखापतीतून आलेल्याला खेळ मिळतो. बाकी सीझन संपल्यावरचा तो भकास काळ मजेत जातो हे वेगळंच.

एक वैताग आहेच, सगळ्या टीमचे रोस्टर हातानं भरायचा नाद केला तर अख्खा रविवार जातो. मी फक्त माझ्या क्लबची सात पोरं निवडतो, बाकीचं कॉम्प्युटरवर सोडतो. आत्ता गेममध्ये माझं २०३१ साल चालूय, कोपरवाला परत आलाय, काल दोन इनिंग टाकून घेतल्या आणि गुपचूप उठवला.