तान्ह्या बाळाचं वजन: दर आठवड्याला, दर महिन्याला की फक्त लसीच्या वेळी?

पूर्ण दिवसांचं, अडीच किलोच्या वर जन्मलेलं, नीट दूध ओढणारं बाळ घरात असलं की त्याचं वजन किती वेळा करायचं याची कोल्हापुरात तीन उत्तरं हमखास मिळतात. नातेवाईक म्हणतात, दर आठवड्याला. अंगणवाडीच्या ताई म्हणतात, दर महिन्याला. आणि दुसऱ्या खेपेच्या आया म्हणतात, लस द्यायला नेतो तेव्हा होतंयच की. आमच्या मुलीच्या पहिल्या वर्षात यातले पहिले दोन प्रकार घरात झाले. तिसरा मेव्हणीच्या घरी जवळून पाहिला. त्यावरून हे लिहितोय. कमी दिवसांचं, अडीच किलोच्या आतलं किंवा जन्मतः काही दुखणं असलेलं बाळ असेल तर मात्र यातलं काही धरू नका, डॉक्टर सांगतील तसंच करा.

पहिल्या पंधरा दिवसांबद्दल वाद नाही. जन्मानंतरच्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं, 7 ते 10 टक्क्यांपर्यंत, आणि दहा ते चौदा दिवसांत बहुतेक बाळं जन्मवजनावर परत येतात. हा काळ नजरेखाली राहावा म्हणूनच आशाताईंच्या घरभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या असतात. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि पुढे देशभर गेली. आपल्याकडे बाळंतीण माहेरी असते, त्यामुळे या भेटी माहेरच्या गावात होतात. त्यांची नोंद असलेलं कार्ड सासरी येताना आठवणीनं घेऊन या. प्रश्न खरा सुरू होतो तो त्यानंतर.

दर आठवड्याची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यामागची भीती खरी आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात किती गेलं ते दिसत नाही. पहिलटकरणीला रात्री दोन वाजता नेमका तोच प्रश्न पडतो. माझी बायको सव्वा महिन्यानं गडहिंग्लजहून आली तेव्हा तिच्या भावानं बाळाचा डिजिटल काटाच सोबत दिला, दहा-दहा ग्रॅमनी आकडा दाखवणारा. रविवारी सकाळी, मालिश-अंघोळीच्या आधी, वजन घ्यायचं ठरलं. सुरुवातीला बरं वाटलं. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढतं, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम. आकडा चढताना दिसला की आईला हुरूप येतो, हे मी पाहिलंय. ज्या घरात दूध पाजण्याची घडी अजून बसलेली नाही आणि डॉक्टरांनीच आठवड्यानं या म्हटलंय, तिथं दर आठवडा योग्यच.

पण निरोगी बाळाच्या घरात हा काटा काय करतो, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

आमची मुलगी काट्याच्या ताटात कधी शांत पडलीच नाही. पाय झाडले की आकडा पळायचा, आणि थांबला तो खरा की पुढचा, हे कुणालाच सांगता यायचं नाही. कधी लंगोट ओला असायचा. कधी नुकतीच पिऊन झालेली असायची, आणि एका वेळच्या दुधाचंच वजन शंभर ग्रॅमच्या आसपास जातं. एकदा माझ्या आईनं तिच्या पायात वाळे घातले आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध हुपरीचे भरीव वाळे ते, तिच्या दोन दिवसांच्या वाढीइतके तरी भरत असतील. पुढच्या रविवारी वाळे काढलेले, पिणं व्हायचं होतं, आणि शी मात्र झालेली. आकडा मागच्या रविवारपेक्षा खाली आला.

मग जे झालं त्यानं माझं मत ठरलं. आकडा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला आणि अर्ध्या तासात आत्याचा फोन. ‘दूध पुरत नसंल गं तिला. एक बाटली चालू कर की वरची.’ आत्यानं तीन मुलं वाढवलीयत, तिची माया खरी आहे. पण त्या वाक्यानं बायकोचा चेहरा उतरला तो दिवसभर तसाच. पोरगी दिवसातून सात-आठ लंगोट ओले करत होती, पिऊन झालं की हात सैल सोडून झोपत होती, जागी असताना टकामका बघत होती. तिच्या अंगावर यातलं सगळं दिसत होतं आणि तरी घरात चर्चा एका आकड्याची. आणि आकडा कमी भरला की बोट नेहमी एकाच बाजूला जातं: आईच्या दुधाकडे. लंगोट कोरडा होता का, वाळे होते का, हे कुणी विचारत नाही. त्यातून वरचं दूध सुरू झालं की बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी उतरतं, आणि चांगली चाललेली गोष्ट बिघडायला दोन आठवडे पुरतात. आमच्याकडे ते सुरू झालं नाही, कारण बायको ठाम राहिली. पण दर रविवारी तिनं ठाम राहावं लागावं, हेच मला नको वाटलं.

पेठेत राहणाऱ्यांना हे जास्त जाणवत असेल. तालमींच्या गावात बाळाचं अंगसुद्धा पैलवानाच्या नजरेनं जोखलं जातं. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण ‘बारीक दिसतीया’ किंवा ‘चांगली गुटगुटीत हाय’ यातलं एक काहीतरी म्हणूनच पुढं जातो. त्यात हातात दर आठवड्याचा ताजा आकडा असला की त्या बोलण्याला पुरावा मिळतो.

यात हिशेबाचाही भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली वाढीचे जे तक्ते प्रसिद्ध केले, ते सहा देशांतल्या मुलांवरून तयार झाले. त्यांत दिल्लीची मुलंही होती. आपल्या अंगणवाडीतले तक्ते त्यांवरच आधारलेले आहेत. त्यांतली मधल्या रेषेवरची, म्हणजे निम्म्या मुली जिच्याहून जड आणि निम्म्या हलक्या अशी मुलगी जन्मताना 3.2 किलो, तीन महिन्यांना 5.8, सहा महिन्यांना 7.3 आणि वर्षाची झाली की 8.9 किलो भरते. आठवड्यांनी भागून पाहा. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास, पुढच्या तीन महिन्यांत सव्वाशेच्या आत, आणि सहा महिन्यांनंतर साठ-पासष्ट ग्रॅम. आणि एक वेळचं दूध, ओला लंगोट, पायातले वाळे धरले तर वजनातली चूक सहज शंभर ग्रॅमची. म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाचं दर आठवड्याला वजन केलं तर आपण वाढ मोजत नसतो, त्या दिवशी पोट भरलं होतं की नव्हतं ते मोजत असतो. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, वाळे तोलतात तो काटा कितीही बारीक असला तरी तो निपचित पडलेल्या चांदीसाठी असतो, पाय झाडणाऱ्या जिवासाठी नाही.

महिन्याचं गणित वेगळं पडतं. तीन ते सहा महिन्यांच्या वयातही महिन्याची वाढ अर्ध्या किलोच्या आसपास असते. त्यात शंभर ग्रॅमची चूक मिसळली तरी रेषेची दिशा बदलत नाही. आमच्या गल्लीमागच्या अंगणवाडीत महिन्याच्या सुरुवातीच्या दिवसांत वजनं होतात. ताई कपडे उतरवायला लावतात, आकडा थांबेपर्यंत थांबतात, कार्डावर ठिपका देतात आणि मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये भरतात. मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा. ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे तर बघायचंच, पण मागच्या ठिपक्याला जोडून रेषा वर चाललीय का, हे बघणं मला जास्त मोलाचं वाटतं. आमची मुलगी मधल्या रेषेच्या बरीच खाली आहे. पण दर महिन्याला तिची रेषा त्या रेषेला समांतर चालली, आणि डॉक्टरांनी ते पाहून कार्ड बंद करून परत दिलं.

अंगणवाडीबद्दल एक अडचण सांगायला हवी. सकाळी ठरावीक वेळ असते, गर्दी असते, आणि नोकरी करणाऱ्या आईवडिलांपैकी एकाला रजा किंवा उशीर घ्यावा लागतो. आमच्याकडे माझी आई घेऊन जायची म्हणून जमलं. ज्यांना जमत नाही त्यांनी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे महिन्यातून एकदा नुसतं वजन करून घ्यावं. मात्र अंगणवाडी असो वा दवाखाना, काटा तोच ठेवा. आमच्या घरचा काटा आणि अंगणवाडीतला काटा एकाच दिवशी शंभर ग्रॅमहून जास्त फरक दाखवत होते. दोन्ही आपापल्या जागी ठीक असतील, पण एकाचा आकडा दुसऱ्याला जोडला की नसलेली घट दिसते. माहेरहून सासरी आल्यावर तर हे होणारच. आल्या आठवड्यात नव्या काट्यावर एकदा वजन करा आणि तुलना तिथून पुढं धरा.

तिसरा मार्ग, फक्त लसीच्या वेळी. मेव्हणीनं दुसऱ्या मुलाच्या वेळी हेच केलं आणि ती निर्धास्त राहिली. मुलगाही छान वाढला. पहिल्या साडेतीन महिन्यांपुरता हा मार्ग मला पुरेसा वाटतो: 6, 10 आणि 14 आठवड्यांना लस असतेच, म्हणजे महिन्याला एक वजन आपोआप होतं. अडचण त्याच्यापुढं आहे. सरकारी वेळापत्रकात 14 आठवड्यांनंतरची लस थेट 9 महिन्यांना, गोवरची. मधे साडेपाच महिन्यांची पोकळी, आणि याच काळात, सहा महिने पूर्ण झाले की, वरचं खाणं सुरू होतं. पेज, मऊ भात, नाचणीची खीर, उकडून कुस्करलेला बटाटा, यातलं पोरगं किती खातंय आणि किती बाहेर काढतंय याचा अंदाज येत नाही. एखाद्या बाळाची रेषा आडवी होते ती नेमकी इथं. मेव्हणी खासगी दवाखान्यात जात होती. तिथं सहाव्या महिन्यातही लसी देतात, म्हणून तिची पोकळी भरून निघाली. सरकारी दवाखान्यात लस घेणाऱ्यांनी हा मार्ग धरायचा तर मधे निदान दोनदा वजन करायला जावं.

ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्लाही पाहण्यासारखा आहे. पहिले दोन आठवडे झाले की सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून जास्तीत जास्त एकदा, सहा ते बारा महिन्यांत दोन महिन्यांतून एकदा आणि वर्षानंतर तीन महिन्यांतून एकदा, बाळाबद्दल वेगळी काळजी नसेल तर. म्हणजे महिन्याहून वरचेवर नको, असं तेही म्हणतात. सहा महिन्यांनंतर मी त्यांच्याइतकी सूट घेतली नाही. आपल्याकडे अंगणवाडी दर महिन्याला आपण होऊन वजन करते, कार्ड भरते, पैसे लागत नाहीत. चालून आलेली सोय का सोडायची? आणि वरच्या खाण्याच्या काळात मला ती हवीच होती.

महिनाभर वाट न बघण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या काट्यावर दिसत नाहीत. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू, पाजायला घेतलं तरी न ओढणं, उठवूनही सुस्त राहणं, ताप, सारख्या उलट्या, टाळू खोल गेल्यासारखी दिसणं. यातलं काही दिसलं तर वजन करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, न्या. आणि लागोपाठ दोन महिने रेषा आडवी राहिली किंवा खाली वळली तर कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटा. फोनवर नुसता आकडा सांगू नका, कारण त्यांना मागचे सगळे ठिपके बघायचे असतात.

आमचा काटा आता पलंगाखाली आहे. कुणी मागितला तर देतो, पण देताना सांगतो की वाळे-करगोटा काढून, लंगोट सोडून, पाजायच्या आधी, आणि महिन्यातून एकदाच. आणि आकडा ग्रुपवर टाकायचा की नाही, ते बाळाच्या आईला ठरवू द्या.