महिन्याचा किराणा: डीमार्ट, कोपऱ्यावरचा वाणी की ग्राहक पंचायत?

मुंबई-ठाण्याकडे कुणालाही विचारा, महिन्याचं सामान कुठून भरावं, तर उत्तर एकच येतं: डीमार्ट. ते खरं आहे, पण अर्ध्या यादीपुरतं. चौघांच्या घराची यादी घेऊन आधी तिचे दोन भाग करा. एकीकडे साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, चहा, बिस्किटं, तेलाच्या पिशव्या, म्हणजे कंपनीचं नाव असलेला माल. दुसरीकडे गहू, तांदूळ, डाळी, शेंगदाणे, मिरची, हळद. या दोन भागांसाठी स्वस्त दुकान एकच असेल, असं धरून चालू नका.

पहिल्या भागात डीमार्टच्या पुढे जाणं कठीण. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईला पहिलं डीमार्ट उघडलं. जागा शक्यतो विकतच घ्यायची हे त्यांचं धोरण, त्यामुळे बहुतेक दुकानांवर भाड्याचा बोजा नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते होतात, त्यामुळे माल घेतानाच भाव कमी पडतो. म्हणून सणाच्या सेलची वाट न पाहता छापील किमतीपेक्षा कमी दर बाराही महिने देता येतो. आपला वाणी हाच साबण एजन्सीकडून थोडा थोडा उचलतो, त्याच्या हातात उरतंच किती? त्यानं छापील किंमत लावली तर त्याला दोष देता येत नाही. मात्र महिन्याची सगळी यादी एकदम दिली तर बरेच वाणी बिलात सूट देतात. मागून बघायला हवी, आणि मागायला संकोच नको.

दुसऱ्या भागात चित्र पालटतं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी आला. सुट्या मालावर तो नाही, आणि २५ किलोपेक्षा मोठ्या पोत्यावरही नाही. म्हणजे भुसार दुकानातून ३० किलोचा तांदळाचा कट्टा घेतला तर हा कर लागत नाही. त्यात हंगामाची भर घाला. नवी तूर साधारण जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, गहू मार्च-एप्रिलमध्ये, भात दिवाळीच्या सुमारास कापला जातो. आवक भरात असताना भाव सहसा नरम असतो. आपल्या आज्या-आया उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करत, ती काही हौसेपोटी नव्हती. वाशीचं मार्केट, पुण्याचा मार्केटयार्ड, मिरचीसाठी लालबागची मिरची गल्ली अजून त्यासाठीच भरतात. पण हे झेपण्यासाठी दोन गोष्टी लागतात: एकरकमी पैसे आणि कोरडी जागा. तूरडाळीला एरंडेल चोळून, गव्हात कडुलिंबाचा पाला घालून ठेवायला वेळ नसेल, घर दमट असेल, तर वर्षाचं भरू नका. पावसाळ्यात डाळीला भुंगा लागला की सगळी बचत गेली. अशा घरानं तीन महिन्यांपुरतं घ्यावं.

तिसरा पर्याय तरुण घरांना ठाऊकच नसतो याचं मला खरोखर वाईट वाटतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात, प्रत्येक घर महिन्याची मागणी आधी नोंदवतं, माल एका सभासदाच्या घरी उतरतो आणि सगळे मिळून वाटून घेतात. संस्था नफ्यासाठी चालत नाही, खरेदी घाऊक होते. साबणा-शांपूचे दहा प्रकार मात्र मिळणार नाहीत, मागणी वेळेत द्यावी लागते, आणि वाटपाच्या दिवशी कुणीतरी घरी हवंच. दोघंही रात्री नऊला घरी येणारी असाल तर आधी संघातल्या कुणाशी बोलून घ्या.

एकत्र खरेदीची ही वाट आपल्याकडे जुनी. नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ मध्ये सुरू झालेला अपना बाजार सहकारी होता, आणि डीमार्टच्या आधी खुद्द दमाणींनीही नेरूळला अपना बाजारची एक शाखा चालवायला घेतली होती.

दुकान कोणतंही असो, पाकिटावर छापलेला एककाचा दर वाचा. तो छापणं आता बंधनकारक आहे: किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा, त्यावरच्या पाकिटावर किलोचा. तेलात तर हे फारच गरजेचं, कारण लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं आणि शेजारीच त्याहून कमी वजनाची, तशीच दिसणारी पिशवी असते. समजा, ८४० ग्रॅम १४० रुपयांना आणि ९१० ग्रॅम १५० रुपयांना आहे. पहिली स्वस्त दिसते, पण तिचा किलोचा दर जवळजवळ १६७ रुपये पडतो, दुसरीचा १६५.

डीमार्टमध्ये खरी गळती किराण्यात होतच नाही. ती होते वरच्या मजल्यावर, कपडे, प्लास्टिकचे डबे, चादरी यांच्यात. साबणावर वाचलेले पैसे तिथे सहज जातात. एकट्यानं, लिहिलेली यादी घेऊन, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. दुकान लांब असेल तर रिक्षाचं भाडं बिलात धरा; दोन्ही वेळचं भाडं बिलात वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त होत असेल तर महिन्यातून एकच फेरी करा किंवा वाण्याकडे वळा. दहा मिनिटांत घरी सामान आणणारी ॲप मी या तुलनेत धरतच नाही. पोहोचवण्याचं, हाताळणीचं शुल्क आणि रोज थोडं थोडं मागवायची सवय, यांनी महिन्याचा हिशेब बिघडतो.

तेव्हा चौघांचं घर, जवळ डीमार्ट आणि थोडी साठवणीची जागा असेल तर पहिला भाग तिथून आणि धान्य हंगामात भुसारातून घ्या. जागा नसेल पण शेजार चांगला असेल तर धान्य-डाळींसाठी ग्राहक पंचायत बघा. महिनाअखेरीस हात आखडणाऱ्या घरानं मात्र वाण्याचं खातं बंद करू नये. वीस तारखेनंतर पावशेर डाळ देऊन पगारापर्यंत थांबणारा तोच असतो, आणि किलोमागे दोन-चार रुपये जास्त गेले तरी पगारापर्यंत कुणाकडे हात पसरायची वेळ येत नाही.