मिंट ज्युलेप: साखर घोटावी की पाक घालावा?

ज्युलेप या अमेरिकी कॉकटेलला जिन्नस मोजून चार: बर्बन (मक्याची अमेरिकी व्हिस्की), पुदिना, साखर आणि बर्फाचा चुरा. तरी पेला बिघडतो, आणि बहुतेकदा गोम साखरेत असते. अमेरिकेत केंटकी-व्हर्जिनियाकडे दोन्ही रीती चालतात. कुणी पेल्याच्या तळाशी पुदिन्याबरोबर साखर घोटतं, कुणी तयार पाक ओततं.

घोटण्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. दाणे पानांवर घासले जातात आणि वास पटकन सुटतो. अडचणही तिथेच आहे. पुदिन्याचं तेल पानाच्या वरवरच्या बारीक ग्रंथींत असतं. नुसतं दाबलं तरी ते येतं. साखर मात्र चमचाभर पाण्यात लवकर विरघळत नाही, मद्यात तर त्याहून कमी. ती विरघळेपर्यंत घोटत राहावं, तर पानांचा लगदा होऊन गवतासारखा कडवट रस उतरतो. हात आवरता घ्यावा, तर साखर तळाशी बसते: पहिले घोट जळजळीत, शेवटचे मिट्ट गोड, आणि स्ट्रॉतून दातांखाली येणारी कचकच. सवयीचा हात ही कसरत साधतही असेल, पण माझं मत पाकाकडे वळलं ते या कचकचीमुळेच.

परंपरेचं म्हणाल, तर अमेरिकी बारटेंडर जेरी थॉमसच्या १८६२च्या कृतीतही कोरडी साखर घोटलेली नाही. पिठीसाखर आधी अडीचपट पाण्यात ढवळायची, मग त्यात पुदिना दाबायचा. (मद्य मात्र तेव्हा कोन्याक, म्हणजे फ्रेंच ब्रँडी होतं.) ज्युलेप हा शब्दही फारसी ‘गुलाब’, म्हणजे गुलाबपाणी, यावरून अरबीमार्गे युरोपात गेला, आणि तिथे औषधासोबत घ्यायच्या गोड सरबताला लागला.

पाकासाठी साखर आणि पाणी समप्रमाणात घ्या. साखर विरघळताच उतरवा, तार धरू देऊ नका, पूर्ण गार करा. कोमट पाक बर्फ वितळवतो. पेल्यामागे १५ मिली पुरतो, म्हणजे चहाच्या दोन चमचे साखरेइतकी गोडी. त्यात आठ-दहा पानं टाकून लाटण्याच्या टोकाने चार-पाचदा हलकेच दाबा, पिळू नका. वर ६० मिली बर्बन, शक्यतो ५० टक्के अल्कोहोलची. ४० टक्क्यांची बर्फाच्या पाण्यात लवकर फिकी पडते.

पुदिना पाकातच उकळण्याची तिसरी रीत मोठ्या पंगतीला सोयीची, पण चव शिजलेल्या पाल्याची येते.

बर्फ जाड कापडी पिशवीत घालून कुटा. कापड पाणी शोषतं, चुरा कोरडा राहतो. अर्धा पेला भरून बाहेर दव गोठेपर्यंत ढवळा, मग शीग लावा. हे दव चांदीच्या किंवा स्टीलच्या पेल्यावर छान धरतं, काचेवर तसं नाही. पेला काठाला धरा, नाहीतर बोटांच्या उबेने ते पुसलं जातं.

शेवटी पुदिन्याचा तुरा तळहातांत एकदा थोपटून खोचा आणि स्ट्रॉ त्याच्या अगदी लगत ठेवा. ती तुऱ्यापेक्षा आखूड कापा, म्हणजे प्रत्येक घोटाला नाक पानांत जाईल.