जुन्या आऊटबोर्डचा दम तुटतो: आधी प्लग पाहावा की पेट्रोलची वाट?

दाभोळच्या खाडीत गेली बरीच वर्षे मी दोन सिलिंडरचे, २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचे मशीन, चालवतो आहे. मशीन एका ओढीत सुरू होते, धक्क्याजवळ सुरेल चालते आणि खाडीच्या मुखाशी पूर्ण थ्रॉटल दिला की दम सोडते, ही तक्रार ज्यांच्या वाट्याला आली आहे त्यांना शोध ठिणगीच्या बाजूने सुरू करावा की इंधनाच्या, हे आधी ठरवावे लागते. पंख्यात अडकलेली जाळ्याची दोरी आणि होडीच्या तळाला धरलेली कवचे पाहून झाली आहेत, असे मी गृहीत धरतो.

ठिणगीची बाजू सोपी आहे. प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग, काढला की तो स्वतःच बोलतो: फिकट तपकिरी असेल तर ठीक, काळा आणि तेलकट असेल तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, म्हणजे मिश्रण दाट, पांढुरका असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. खाऱ्या हवेने ठिणगीला वीज देणाऱ्या कॉइलचे जोड हिरवट पडतात, तेही त्याच वेळी दिसते आणि प्लग बाहेर असतानाच दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घेता येते. मशीन मंद गतीतही एका सिलिंडरवर चालत असेल, तर सुरुवात येथूनच करावी.

मला खटकली ती गोष्ट अशी, की नवा प्लग खोटा दिलासा देतो. एका मोसमात मी तीन वेळा प्लगांची जोडी बदलली. प्रत्येक वेळी धक्क्यावर मशीन निर्दोष वाटले आणि प्रत्येक वेळी मुखापाशी, लाटा आडव्या येत असताना, नेमकी ताकद गेली. मंद गतीत पेट्रोल थोडेच लागत असल्यामुळे अडलेली वाटही पुरेशी ठरते, आणि म्हणून धक्क्यावर केलेली कोणतीही परीक्षा या दोषाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

इंधनाच्या बाजूची परीक्षा मात्र भर वेगात होते. एकाने सुकाणूचा दांडा धरावा आणि दम तुटू लागताच दुसऱ्याने नळीवरचा रबरी फुगा दाबत राहावे; ताकद परत आली, तर दोष टाकी आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) यांच्या दरम्यानच आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू, नळीचे जोड, गाळणी आणि पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा, या क्रमाने पाहत जावे. ताकद परत आली नाही, तर मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकाची तोटी, उघडावा किंवा ठिणगीकडे वळावे. हे काम वेळखाऊ आहे, हात पेट्रोलने माखतात, हेही मान्य करतो.

माझ्या मशीनमध्ये दोष नळीतच होता. बाहेरून ती धडधाकट दिसत होती, पण ब्लेडने उभी चिरली तेव्हा आतला थर भिजवलेल्या वालाच्या सालीसारखा सुटलेला आढळला. पंपाने जोरात ओढले की तोच थर आडवा येऊन वाट बंद करीत असे. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही आणि ओलावाही धरते. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत मशीन पडून राहिले, तर कार्ब्युरेटरखालच्या, पेट्रोल साठणाऱ्या फ्लोटच्या वाटीत चिकट राळ बसते आणि तळाशी पाणी साचते.

प्रत्येकाचे मशीन वेगळे, त्यामुळे माझा अनुभव सर्वांना लागू पडेलच असे नाही. तरीही एक गोष्ट मला निर्णायक वाटते: ज्या टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, तेथे पेट्रोल कमी पोहोचले की तेलही कमी पोहोचते, आणि प्लग बदलण्यात घालवलेले दिवस पिस्टनच्या अंगावर चरे पाडत असतात. ठिणगीचा दोष इतका वेळ सहसा देतो. उपाशी चाललेले मशीन देत नाही. प्लगांची जोडी माझ्या पिशवीत आजही असते, पण तिला हात लागतो तो मुखापाशी फुगा दाबून पाहिल्यानंतरच.