‘सेन्सर दुरुस्ती’च्या नावाखाली ८,८५० रुपये उकळले

कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी चिप म्हणजे सेन्सर, आणि तिच्यावरचा एकेक बारीक ठिपका म्हणजे पिक्सेल. बिघडलेला एकेकटा पिक्सेल कुणालाही दुरुस्त करता येत नाही. एक तर अख्खा सेन्सर बदलतात, नाहीतर त्या पिक्सेलची जागा कॅमेऱ्यात नोंदवून शेजारच्या पिक्सेलांवरून भरतात. हे पिक्सेल मॅपिंग निकॉन झेड कॅमेऱ्यांच्या मेनूत फुकट आहे. ते केल्यावरही माझ्या कॅमेऱ्याच्या ३० सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये लाल-निळे ठिपके राहत होते. सर्व्हिस सॉफ्टवेअरने याहून बारकाईने मॅपिंग करतो, असं दुकानदार म्हणाला. त्यात अशक्य काहीच नव्हतं. विश्वास ठेवला तो म्हणूनच.

दुरुस्ती ६,०००, कॅलिब्रेशन १,५००, वर १,३५० जीएसटी. बिलावर जीएसटी नंबर नाही! नंबर नसेल तर जीएसटीचा एक रुपयाही देऊ नका.

पण खरी खूण त्याच्याच लॅपटॉपवर होती, आणि तीच नजरेतून सुटली याची चीड अजून जात नाही. लेन्सला झाकण लावून काढलेला ‘दुरुस्तीनंतरचा’ काळा फोटो त्याने दाखवला. जेपेग. ३०० टक्के मोठा केला की सगळीकडे बारीक रवाळ नॉइज, आणि ठिपक्यांच्या जागी मात्र गुळगुळीत गोल चट्टे. हा स्पॉट हीलिंग ब्रश, म्हणजे फोटोशॉपमधलं डाग पुसायचं साधन. दुरुस्ती नाहीच, फोटोतले ठिपके नुसते पुसलेले. जेपेग बनताना एका पिक्सेलचा दोष आजूबाजूला पसरतो, त्यामुळे ब्रश मोठा घ्यावा लागतो आणि त्याचा ठसा राहतो. फाइलच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठणाऱ्या माहितीत, सॉफ्टवेअरच्या रकान्यात चक्क ‘अडोबी फोटोशॉप’ लिहिलेलं होतं. काउंटरवर घाईत कोण एक्झिफ उघडतं? तुम्ही उघडा.

रॉ फाइलच मागा, म्हणजे सेन्सरची कच्ची, जेपेग न केलेली फाइल. तीही लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमध्ये पाहू नका, कारण रॉ उघडतानाच ते बरेच हॉट पिक्सेल (अंधारातही चमकणारे बिघडलेले पिक्सेल) परस्पर झाकतं. रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये हॉट आणि डेड पिक्सेल फिल्टर बंद करून बघा. कॅमेरा देण्याआधी झाकण लावून आयएसओ ८००, ३० सेकंद असा फोटो स्वतः काढून ठेवा. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद हवं, नाहीतर कॅमेरा दुसरी काळी फ्रेम घेऊन ठिपके वजा करतो. परत घेताना तोच फोटो पुन्हा काढा. सेन्सर तापला की ठिपके वाढतात, म्हणून दोन्ही वेळा कॅमेरा थंड असू द्या.

पोलीस चौकीत दुरुस्तीआधीची आणि नंतरची अशा दोन्ही फाइली दाखवल्या. “फोटो तर चांगला दिसतोय,” म्हणाले. मोबाइलच्या पडद्यावर लहान करून पाहिल्यावर ठिपका दिसणार कसा? मोठं करून दाखवायला लागलो तर फोन बाजूला सारला. मग “हा दिवाणी मामला”, मग “साहेब आल्यावर या”, मग साहेबांचंही तेच, की पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत. खोटा पुरावा दाखवून घेतलेल्या पैशाला राजीखुशी म्हणायचं? अर्जाची पोच मागितली, तीही दिली नाही. लेखी अर्ज दोन प्रतींत न्या आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. दोन्ही रॉ फाइली, बिल आणि त्याचा तो जेपेग एक्झिफसकट जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर एक्झिफ पुसला जातो. पेन ड्राइव्हवरच घ्या.