मुलीच्या स्कोलिओसिससाठी ब्रेस आणि श्रॉथ व्यायाम: कसं वाटलं
स्कोलिओसिस म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकणं. मुलीचा कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाक, तीस अंशांच्या आसपास आणि हाडांची वाढ बाकी, म्हणून डॉक्टरांनी दोन्ही सुरू करायला सांगितलं. ब्रेस म्हणजे काखेखालपासून कमरेपर्यंत कडक प्लास्टिकचं कवच, आत फुगीर बाजूला पॅड आणि त्याच्या विरुद्ध बाजूला मोकळी जागा, म्हणजे शरीर तिकडे सरकतं. वस्तू चांगलीच आहे पण सगळं फिटिंगवर आहे बरं का. सुरुवातीला काखेखालची कड टोचून कातडी लालभडक व्हायची आणि बनवणारे म्हणाले सवय होईल, असं अजिबात ऐकून घेऊ नका, कड घासून घ्या आणि ब्रेस घालूनच एक्स-रे काढायला लावा, बाक किती कमी झाला ते त्यातच दिसतं. आतून बिनशिवणीचा सुती बनियन हवाच.

तासांत कसर नको. 2013 च्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेसवाल्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48 टक्के, आणि रोज साधारण 13 तासांवर घालणाऱ्यांत 90 टक्क्यांच्या पुढे!

श्रॉथमध्ये आरशासमोर बसून पाठीच्या दबलेल्या भागात श्वास भरायला शिकवतात, मला हे फार आवडलं, पोरीला स्वतःची पाठ कळायला लागली. पण एवढा अँगल असताना नुसत्या व्यायामावर ब्रेस सोडा म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. उंची वाढली की ब्रेस लहान पडतो, तेव्हा पुन्हा माप द्यावं लागतं, ती तयारी ठेवा.